शहरातील श्वापदांची रात्रपाळी



ऑगस्ट २०२२ हा महिना बेळगावकरांच्या स्मरणातून सहजासहजी जाणार नाही. महिन्याच्या आरंभी जाधवनगर भागात एक बिबट्या अवतरला, त्याने एका बांधकाम मजुराला जखमी केले आणि तो दिसेनासा झाला. पुढे तो गोल्फ मैदानाच्या परिसरात असल्याचे आढळून आले. आसपासच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. पिंजरे आले, स्वयंचलित कॅमेरे बसले, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलू छावणीतून शोधासाठी हत्तीही आणले गेले. एवढा खटाटोप होऊनही बिबट्या हाती लागला नाही तो नाहीच.

त्या दिवसांत जो तो एकच प्रश्न विचारी : बिबट्या आहे कुठे? प्रश्न स्वाभाविक होता. परंतु वन्य प्राण्यांच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत जे कष्टाने शोधून काढले आहे, ते पाहता त्याला आणखी एक प्रश्न जोडणे अगत्याचे ठरते. बिबट्या केव्हा असतो? एकच रस्ता, एकच मैदान, एकच ओढा दिवसाच्या एका प्रहरी माणसाचा असतो आणि दुसऱ्या प्रहरी श्वापदाचा. दोघांचे पाऊल एकाच मातीवर पडते, पण एकाच वेळी सहसा पडत नाही. माणूस आणि वन्य प्राणी यांच्यातील वाटणी ही जमिनीची जेवढी आहे तेवढीच, किंबहुना शहरांच्या बाबतीत त्याहून अधिक, घड्याळाची आहे. हेच आजच्या विवेचनाचे सूत्र.

प्रथम हे घड्याळ असते कुठे, ते पाहिले पाहिजे. इ. स. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले, तेव्हा त्याला असे दिसले, की सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडतात व मिटतात. सजीवाच्या आतच काळ मोजणारी काही यंत्रणा असावी, या विचाराचा उगम येथे झाला. ही यंत्रणा पेशींच्या पातळीवर कशी चालते याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या क्षेत्रात भारतीयांचेही मोलाचे काम आहे. मदुराईच्या कामराज विद्यापीठातील प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतल्या वटवाघळांवर केलेले प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. काळोख्या गुहेत पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळाला बाहेर सांज झाली की नाही हे दिसत नाही. तरीही भोवतालचे मोकळे सोबती रोज बाहेर जात-येत असतील, तर त्यांच्याबरोबर बंदिवानाचेही घड्याळ अचूक चालते. सोबती नसतील, तर ते हळूहळू दिवसाच्या वेळेपासून सरकत जाते. म्हणजे आतले घड्याळ उपजत असले, तरी ते बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यावे लागते. ही जुळणी बहुधा सूर्यावरून होते, पण शेजाऱ्यावरूनही होऊ शकते.

या घड्याळानुसार सस्तन प्राण्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. खार, मुंगूस, माकड हे दिनचर. साळिंदर, उदमांजर, बहुतेक वटवाघळे हे निशाचर. आणि पहाट व तिन्हीसांजा या दोन संधींना विशेष वावरणारे ससे, हरणे, कोल्हे हे संध्याचर. तथापि हे वर्ग जन्मठेपेचे नव्हेत. भूक आणि भीती या दोन गोष्टी आतल्या घड्याळाचा आदेश पुढेमागे सारू शकतात. ज्या कोल्ह्याला तिन्हीसांजेला बाहेर पडणे सोयीचे असते, तो रस्त्यावर वर्दळ असेल तर ती ओसरेपर्यंत झुडपात दबून राहतो. प्राणी शहरात तगतो, तो बव्हंशी या लवचिकतेच्या बळावर.

ही लवचिकता जगभर कोणत्या दिशेने चालली आहे, याचे मोजमाप २०१८ मध्ये पुढे आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केटलिन गेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा खंडांतील ७६ अभ्यास एकत्र केले. त्यांत ६२ जातींचे सस्तन प्राणी होते. माणसाचा वावर जेथे अधिक, तेथे प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरीने १.३६ पट वाढलेली आढळली. सोप्या भाषेत सांगायचे, तर जो प्राणी आपली निम्मी कामे दिवसा व निम्मी रात्री उरकत असे, तो माणसाच्या शेजारात शंभरातली अडुसष्ट कामे रात्री उरकू लागतो. याहून विचार करायला लावणारी बाब अशी, की माणूस शिकारीला आला आहे की नुसता पायी भटकायला, याने फारसा फरक पडत नव्हता. माणूस निरुपद्रवी असला तरी प्राणी त्याची वेळ टाळतो.

येथे प्राणिसृष्टीच्या इतिहासातील एका जुन्या प्रकरणाची आठवण होते. डायनोसॉर जेव्हा पृथ्वीवर राज्य करीत होते, तेव्हा सस्तन प्राण्यांचे चिमुकले पूर्वज रात्रीच्या आश्रयाने जगत, आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते महाकाय प्राणी नष्ट झाल्यानंतरच सस्तन प्राणी मोठ्या संख्येने दिवसाच्या उजेडात आले, असे एक बलवत्तर शास्त्रीय मत आहे. ते मान्य केले, तर आज त्यांपैकी अनेकांना पुन्हा अंधारात परतावे लागत आहे, आणि या खेपेस दिवस बळकावणारा प्राणी त्यांच्याच कुळातला, म्हणजे माणूस आहे.

उदाहरणांकडे वळू. नेपाळातील चितवन राष्ट्रीय उद्यानात आणि त्याच्या सीमेवर नील कार्टर आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. गवत-सरपण आणणारे गावकरी, गस्तीचे शिपाई आणि वाघ या सर्वांच्या पायवाटा एकच असल्याचे त्यात दिसले. वाघांनी मात्र आपला वावर बराचसा रात्रीकडे सरकवला होता. अमेरिकेतील शिकागो महानगरात, कोल्ह्याच्याच कुळातील कोयोट या प्राण्यावर स्टॅन्ली गेर्ट यांचा प्रकल्प २००० सालापासून चालू आहे. माणसांची फारशी ये-जा नसलेल्या मुलखात कोयोट दिवसाही हिंडतो. पण शिकागोतला कोयोट दिवसभर बागेच्या कोपऱ्यात, रेल्वेरुळांच्या कडेच्या झाडीत पडून राहतो आणि रहदारी ओसरल्यावर रस्ते ओलांडतो. लाखो नागरिकांच्या वस्तीत तो राहतो, आणि त्यांपैकी बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेले नसते.

आता आपल्या परिचयाच्या मुलखाकडे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो भाग जंगलाचा नव्हे. उसाचा, भाजीपाल्याचा, दाट वस्तीचा. चौरस किलोमीटरमागे तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या या शिवारात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. गळ्यात रेडिओ पट्टा घातलेल्या बिबट्यांच्या हालचाली टिपल्यावर असे दिसले, की दिवसा ते वस्तीपासून अंतर राखून उसात वा झुडपांत पडून असतात आणि रात्री घरांच्या जवळून जातात. ज्या बांधावरून सायंकाळी शेतकरी परततो, त्याच बांधावर तो घरी पोहोचल्यानंतर बिबट्याचा दिवस सुरू होतो.

या संशोधनातला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या पुढे मराठी चित्रपटाचाही विषय झाला. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वर येथील विहिरीतून त्याला बाहेर काढले गेले आणि पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून तो चालत निघाला आणि सुमारे १२० किलोमीटरचे अंतर तोडून मुंबईच्या बोरिवली परिसरातील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पोहोचला. वाटेत गावे, महामार्ग, रेल्वेमार्ग, वसईची खाडी. परंतु कोणावर हल्ला केल्याची नोंद नाही. दिवसा दडायचे आणि रात्री चालायचे, एवढ्या एका शिस्तीवर त्याने तो प्रवास निभावला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला.

ज्या उद्यानापाशी आजोबा पोहोचला, ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याला महानगराने जवळजवळ वेढलेले आहे. २०१५ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या गणनेत त्या परिसरात ३५ बिबटे वेगवेगळे ओळखता आले. कडेच्या वस्त्यांतील भटकी कुत्री हा त्यांच्या आहाराचा एक मोठा भाग आहे. कुत्री उकिरड्यावर जगतात, उकिरडा माणसाच्या निष्काळजीपणावर जगतो आणि बिबट्या रात्री येऊन या साखळीच्या टोकाला बसतो.

बिबट्याच्या या स्वभावाचे एक मार्मिक निरीक्षण जिम कॉर्बेट यांनी ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ या १९४४ सालच्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. नरभक्षक झालेला वाघ माणसाची भीती गमावतो आणि दिवसाढवळ्या हल्ले करतो. बिबट्या मात्र नरभक्षक झाला तरी त्याची भीती जात नाही, म्हणून तो रात्रीची वेळ धरतो, असे त्या निरीक्षणाचे सार आहे. बिबट्याची रात्र हे त्याच्या धीटपणाचे लक्षण समजले जाते. वस्तुतः ते त्याच्या भयाचे लक्षण आहे.

सर्वच प्राणी रात्रीकडे वळतात, असे मात्र नव्हे. माकडांना तो मार्ग बंद आहे. मांजरकुळातील प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, तो माकडांच्या डोळ्यांत नाही. अंधार पडला की माकडाला झाड गाठावेच लागते. म्हणून वानर आणि लालतोंडे माकड यांचा माणसाशी होणारा झगडा भर दिवसा, गच्चीवर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. त्यांनी दिवसाच्या आतच वेळा शोधल्या. देवळातला नैवेद्य केव्हा होतो आणि शाळेची मधली सुट्टी केव्हा असते, हे त्यांना ठाऊक असल्याचा अनुभव अनेक गावांनी घेतला आहे. उलट, जेथे भीती संपते आणि अन्न फुकट मिळते, तेथे मूळचा सावध प्राणीही उजेडात येतो. इस्राएलमधील हैफा शहराच्या रस्त्यांवर रानडुकरे दिवसाही फिरताना दिसतात. प्राण्याला हातचे खायला घालण्याची हौस दयेपोटी असेल. परंतु तिच्यामुळे दोघांच्या वेळांमधले कुंपण मोडते आणि त्याचे प्रायश्चित्त अखेरीस प्राण्यालाच भोगावे लागते.

२०२० सालच्या टाळेबंदीने या विषयात एक अनपेक्षित प्रयोगच घडवून आणला. २१ देशांतील कॅमेऱ्यांनी टिपलेल्या १६३ जातींच्या सस्तन प्राण्यांचा तौलनिक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसे घरात बसली की प्राणी सर्वत्र बाहेर येतील, अशी सर्वसाधारण कल्पना होती. प्रत्यक्षात चित्र गुंतागुंतीचे निघाले. वस्तीच्या आसपास राहणारे प्राणी माणसाची वर्दळ वाढल्यावर पळून गेले नाहीत. काहींचा वावर तर वाढला. मात्र तो वाढताना रात्रीकडे सरकला. दूरच्या रानातले, विशेषतः मांसाहारी, प्राणी वर्दळ वाढताच मागे हटले. शहराशेजारच्या प्राण्याला जागा सोडायची नसते. तो फक्त वेळ सोडतो.

आता या व्यवस्थेची किंमत पाहिली पाहिजे. ज्या प्राण्याचे डोळे, नाक आणि भक्ष्य दिवसाच्या वा संधिकाळाच्या हिशेबाने घडलेले आहे, त्याला रात्री कमी मिळते आणि अधिक शोधावे लागते. रात्री वाहने वेगात असतात आणि दिव्यांच्या झोताने जनावर जागीच थबकते. शिवाय रात्र तरी रात्र कुठे राहिली आहे? रस्त्यारस्त्यावर प्रखर पांढरे दिवे आले, कामाच्या तिसऱ्या पाळ्या आल्या, पहाटेची भाजीमंडई आली. वटवाघळांच्या कित्येक जाती उजेडाचा पट्टा ओलांडायला कचरतात. जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या उदमांजरालाही खाली उतरायला काळोखाचा एक तुकडा लागतो. दिवस तर माणसाने केव्हाच घेतला होता. आता रात्रीचेही प्रहर एकेक करून त्याच्या खात्यात जमा होत आहेत.

परंतु या विषयाची सर्वांत जड बाजू प्राण्यांची नाही, माणसांचीच आहे. वेळांची वाटणी सर्व माणसांनी सारखी केलेली नाही. ज्याचे काम दहा ते पाच आहे, ज्याच्या घरात नळ आणि शौचकूप आहे, त्याची बिबट्याशी गाठ जवळजवळ पडतच नाही. गाठ पडते ती पहाटेच्या अंधारात उघड्यावर जावे लागणाऱ्या बाईची, तिच्या मागे चाललेल्या मुलाची, दूध घालायला निघालेल्या गवळ्याची, रखवालदाराची, ऊसतोडीसाठी फडाच्या कडेला पाल ठोकून राहिलेल्या कुटुंबाची. मुंबईत २००४ च्या सुमारास बिबट्यांच्या हल्ल्यांनी कळस गाठला, तेव्हा त्यांत बळी पडलेले बहुतांशी उद्यानालगतच्या गरीब वस्त्यांतले होते. अन्यत्र पकडलेले बिबटे त्या परिसरात आणून सोडण्याची रीतही तेव्हा अंगाशी आल्याचे अभ्यासक सांगतात. परक्या मुलखात सोडलेल्या जनावराला तिथल्या वाटा ठाऊक नसतात, तशा तिथल्या माणसांच्या वेळाही ठाऊक नसतात.

उसाच्या पट्ट्यात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. शेतीपंपाला थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा व रात्री मिळते. रात्रीची पाळी आली, की शेतकऱ्याला हातात विजेरी घेऊन मध्यरात्री दारे धरायला उसात उतरावे लागते. त्याच उसात दिवसभर पडून राहिलेले जनावर त्याच वेळी उठलेले असते. त्या रात्री दोघांची भेट झाली, तर वर्तमानपत्रात ‘बिबट्याचा हल्ला’ असा मथळा येतो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. त्या भेटीची वेळ बिबट्याने ठरवलेली नसते आणि शेतकऱ्यानेही नाही. ती विजेच्या वेळापत्रकाने ठरवलेली असते. दिवसा वीज द्या, ही मागणी बिबट्याग्रस्त तालुक्यांतून वर्षानुवर्षे होत आहे, ती यासाठीच. महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीला दिवसा वीज देण्याच्या उद्देशाने आखलेली आहे. वीजखात्याची ही योजना जेथे नीट राबेल, तेथे ती वन्यजीव-रक्षणाचीही योजना ठरेल, आणि माणसाच्या रक्षणाची तर ठरेलच.

वेळेचा कायदा करता येतो, याचे उदाहरण कर्नाटकातच आहे. बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पातून केरळ आणि तामिळनाडूकडे जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत वाहतुकीला बंदी आहे; रुग्णवाहिका आणि मोजक्या बसगाड्या यांना तीतून सूट आहे. रस्ता दोघांचाही राहिला, फक्त त्याच्या वेळा वाटल्या गेल्या. शहरात इतका कठोर नियम शक्य नाही, हे मान्य. पण कचरा तिन्हीसांजेपूर्वी उचलला जाणे, ओढ्याकाठच्या वस्तीत घरोघरी शौचकूप असणे, पहाटपाळीच्या कामगारांना एकट्याने झाडीतून चालावे न लागणे, आणि जेथे माणसाला उजेडाची गरज नाही तेथे रात्री दिवे नसणे, या गोष्टी कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यातल्या आहेत. त्यांतील एकीलाही पिंजरा लागत नाही.

वाचनालयासारख्या संस्थेला यात काय करता येईल, असा प्रश्न साहजिक आहे. वन्य प्राणी शहरात दिसल्याची बातमी येते, तेव्हा तीत ठिकाण असते, भीती असते, गर्दी असते. नेमकी वेळ बहुधा नसते. साळिंदर कोणत्या परसात आले, कोल्हेकुई कोणत्या माळावरून ऐकू आली, वटवाघळे कोणत्या वडावरून किती वाजता उठली, उदमांजर कोणत्या महिन्यात माळ्यावर व्याले, हे सांगणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत, आणि ती एकेक करून कमी होत आहेत. शंभर वर्षे ग्रंथांची नोंद चोख ठेवणाऱ्या वाचनालयाच्या टेबलावर आणखी एक जाड वही ठेवता येईल. तीत चारच रकाने असावेत : प्राणी, ठिकाण, तारीख आणि वेळ. सभासदाने पुस्तक बदलायला यावे आणि काही दिसले-ऐकले असेल तर एक ओळ लिहून जावे. दहा वर्षांनी त्या वहीवरून या शहराची रात्र कोणाची आहे, ती किती उरली आहे आणि रात्रीच्या कोणत्या वेळी कोणत्या रस्त्यावर मुलांना एकटे पाठवू नये, हे पुष्कळसे नेमकेपणाने सांगता येईल. पुढच्या वेळी जनावर शहरात आले, तर हत्ती येण्याआधी ती वही उघडावी.